अप्पांच्या नावाची कमान

कसबा बावडा, कोल्हापूर
१८ नोव्हेंबर २०२४

वीरेश,

वर ‘चिरंजीव’ लिहिलेलं नाही, कारण तू अठ्ठावन्न वर्षांचा आहेस आणि मी रागावलेली आहे. फोन करत नाही, कारण फोनवर तू ‘हां, हां’ म्हणायचास आणि मधेच कुणाशी तरी ग्रॅनाइटचा भाव बोलायला लागायचास. पत्र तुला गप्प बसून वाचावं लागेल.

आजच्या पेपरात तुझा फोटो आहे. फेटा बांधलेला, पोट सुटलेलं. खाली बातमी: हुबळीचे उद्योजक वीरेश यांच्याकडून कात्यायनी विद्यापीठाला भव्य प्रवेशकमान, वडील कै. गुरुसिद्धअप्पा यांचं नाव देणार. शेजारी कमानीचं चित्र. वर कळस, खाली दोन हत्ती. आपल्या घरात हत्ती कधीपासून होते?

नऊ वर्षांपूर्वी अडतीचं दुकान विकलंस तेही मला पेपरातल्या जाहीर नोटिशीतूनच कळलं होतं, आणि तेव्हापासून आपण बोललेलो नाही. सख्ख्या भावाची खबर बातमीदाराकडून घ्यायची मला आता सवय झाली आहे. माझा मुद्दा तो नाही.

माझा मुद्दा असा, की त्या विद्यापीठाला आधीच एक फाटक आहे. लोखंडी आहे, करकरतं, पण त्यातून मुलं आत जातात आणि बाहेर येतात. फाटकाकडून आणखी काय अपेक्षा असते? आणि त्या फाटकाच्या आत, कँटीनच्या मागे, दोन खोल्यांचा कन्नड विभाग आहे. तिथे कायमचा शिक्षक नाही. सरकार पद भरत नाही. एक बाई तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे जेवढे तास शिकवलं तेवढ्याचे पैसे, तेही येतील तेव्हा. जूनपर्यंत शिक्षक मिळाला नाही तर विभाग बंद करायचा असं ठरतं आहे. तुझी कमान साधारण तेव्हाच पूर्ण होईल. छान मुहूर्त आहे.

लोक इमारती का देतात हे मला कळतं. इमारतीला रिबन बांधता येते, मास्तरणीला बांधता येत नाही. त्या विद्यापीठात पंखेसुद्धा देणगीचे आहेत आणि प्रत्येक पात्यावर देणाऱ्याचं नाव रंगवलेलं आहे. पंखा बंद असेल तेव्हाच ते वाचता येतं. त्यामुळे उन्हाळ्यात दाते अदृश्य होतात आणि वीज गेली की परत येतात.

अप्पा दर दसऱ्याला बोर्डिंगच्या मुलांना गूळ पाठवायचे, आठवतं? बैलगाडी मागच्या दाराने जायची. पुढच्या दाराने गेली तर मुलांना कुणाचा गूळ खातो ते कळेल, आणि मग घास अडकेल, असं त्यांचं म्हणणं होतं.

इथे साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला आहे. पहाटे मळीचा वास खिडकीतून आत येतो, गोड आणि जरा कुजका, आणि धुक्यात रस्ता दिसेनासा होतो. अशा पहाटे मला स्वप्नं फार पडतात. आज पहाटे तुझी कमान दिसली. कळंब्याकडून चालत आली होती, हत्तींना मागे ठेवून. माझ्या फाटकापाशी थांबली आणि कन्नडमध्ये पत्ता विचारू लागली. तिला आत यायचं होतं आणि दार सापडत नव्हतं. स्वतःच एवढं मोठं दार असून.

मी उठून चहा केला आणि पेपर उघडला, तर तीच.

दानम्मा


कसबा बावडा
९ डिसेंबर २०२४

वीरेश,

तुझं पत्र मिळालं. ऑफिसच्या लेटरहेडवर टाइप केलेलं, खाली कंपनीचा शिक्का. नऊ वर्षांनी बहिणीला लिहिताना शिक्का मारायचं सुचलं, याबद्दल अभिनंदन. आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर फिलोमिना म्हणायच्या की पत्र हाताने लिहावं, कारण हात खोटं बोलला तर अक्षर थरथरतं. शिक्का थरथरत नाही.

तू विचारतोस, ‘कन्नड विभागाचं तुला एवढं कसं ठाऊक?’ एका ओळखीच्या बाईंकडून कळलं. निवृत्त माणसाच्या ओळखी असतात. मी तीस वर्षं इंग्रजी शाळा चालवली आहे, अर्धं कोल्हापूर माझ्या हातचा मार खाऊन मोठं झालं आहे.

संध्याकाळचा प्रमाणपत्र वर्ग असतो तिथे. शिकवणारी पूर्णिमा, गडहिंग्लजहून येते एसटीने. तोंडाने फटकळ. दिवाळीपासून तिचं बिल निघालेलं नाही. परवा विभागात कुणीतरी तिला म्हणालं, ‘मॅडम, वार्षिक समारंभात तुमचा सत्कार करू या.’ तर ती म्हणाली, ‘शाल नको सर. शाल बँक घेत न्हाई.’

वर्गात नऊ जण आहेत. कृष्णात नावाचा एक एसटी कंडक्टर आहे, निपाणी मार्गावरचा. कन्नड बोलणाऱ्या म्हाताऱ्या त्याला भांडणतंट्यात हरवतात म्हणून शिकायला आला. तो माझ्या शेजारी बसतो. म्हणजे, त्या बाईंच्या शेजारी. त्या सांगतात की खोलीतली ट्यूबलाइट लागायच्या आधी बराच वेळ फडफडते आणि त्या फडफडीत फळ्यावरची अक्षरं जागच्या जागी हलल्यासारखी वाटतात. गोल, जाडजूड, पोटभर जेवून निवांत बसलेली अक्षरं. बाहेर अंधार पडायला लागलेला असतो, टेकडीवर देवळाचा दिवा लागतो, पूर्णिमा एकेक अक्षर मोठ्याने म्हणते आणि सगळे तिच्या मागून म्हणतात. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, नर्स, कंडक्टर. त्या बाईंना वाटतं की आपण लहान आहोत आणि आतल्या खोलीतून आई, म्हणजे अव्वा, हाक मारते आहे. कन्नड घरात ऐकलं, बोलता येतं, पण वाचता कधी आलं नाही, अशा आहेत त्या. कॉन्व्हेंटात गेलेल्या.

कृष्णात त्यांना म्हणाला, ‘बाई, ह्या वयात शिकून काय करणार हायसा?’

त्या म्हणाल्या, ‘तुझ्या गाडीची पाटी वाचणार आणि मग तुला सांगणार की ती उलटी लावली आहेस.’

असो. तू लिहितोस की कमानीला दगड तुझ्याच खाणीचा आहे, कारागीर तुझेच आहेत, त्यामुळे विद्यापीठाला काही त्रास नाही. वीरेश, ज्याच्याकडे दगड असतो त्याला सगळीकडे कमानीच दिसतात. मास्तरणीचा पगार तुझ्या खाणीतून निघत नाही, म्हणून तो तुला दिसत नाही.

अव्वाच्या तिथीला तू काय करतोस? मी विचारत नाही, लिहिते आहे.

दानम्मा


कसबा बावडा
२८ डिसेंबर २०२४

वीरेश,

‘ओळखीच्या बाई तूच आहेस हे पहिल्या ओळीतच कळलं,’ असं लिहिलं आहेस. हाताने लिहिलं आहेस, म्हणून माफ. पण यावर मी काहीही बोलणार नाही. प्रौढ बाई संध्याकाळी कुठे जाते याचा हिशेब हुबळीला द्यायची पद्धत अजून सुरू झालेली नाही.

पत्राचा दुसरा भाग मी तीन दिवस वाचते आहे.

माझ्या पदवीदानाला अप्पा आले होते हे मला ठाऊक होतं. तू बरोबर होतास, बारा वर्षांचा, हेही. गुळाच्या टेम्पोतून आलात. पण मला त्यांनी सांगितलं होतं की ‘गर्दी फार होती, मागे उभं राहून बघितलं, तुझा झगा छान दिसला.’ मी ते खरं मानलं. आज शेहेचाळीस वर्षांनी तू लिहितोस की ते आत आलेच नाहीत. फाटकाशी एका स्वयंसेवकाने त्यांच्या हातात कार्ड दिलं, त्यावर रांग आणि खुर्ची लिहिलेली होती, मराठीत आणि इंग्रजीत. अप्पांना फक्त कन्नड वाचता यायचं, आणि तूही कन्नड शाळेतला. ते कार्ड त्यांनी उलटं-सुलटं करून बघितलं, खिशात ठेवलं आणि तुला म्हणाले, ‘दुसऱ्याच्या खुर्चीवर बसलो तर पोरीला कमीपणा येईल.’ आणि तुम्ही दोघं फाटकाबाहेर टेम्पोच्या सावलीत बसून शेंगा खाल्ल्या, आतून टाळ्या ऐकू आल्या की अप्पा विचारायचे, ‘ही आपलीच असंल का?’

आणि तू लिहितोस, ‘अक्का, ज्या फाटकाबाहेर ते बसले त्या फाटकावर त्यांचं नाव हवं. मला हत्तीबित्ती नको. ते आर्किटेक्टनं घातले.’

तीन दिवस मी हे वाचते आहे आणि तुला रागाने काय लिहावं ते सुचत नाही. मला याची सवय नाही.

काल दुपारी खुर्चीतच डोळा लागला. मी त्या मंडपात बसलेली होते आणि सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर गोल गोल अक्षरं होती. मी एकेक वाचत चालले होते, अडखळत, बोट ठेवून, आणि बाहेर शेंगांच्या टरफलांचा आवाज येत होता. मला फक्त त्यांची खुर्ची शोधून बाहेर ओरडायचं होतं. नाव सापडेना असं नाही. वाचायचा वेग कमी पडत होता.

जागी झाले तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसली, ती लिहिते. वीरेश, कमानीवर अप्पांचं नाव कुठल्या लिपीत कोरणार आहेस? चित्रात देवनागरी आहे, खाली इंग्रजी. म्हणजे तेच कार्ड. तेच कार्ड तू दगडात कोरून, तीस फूट उंच करून, त्यांच्यासमोर उभं करतो आहेस. आणि ज्या दोन खोल्यांत त्यांना वाचता आलं असतं, ज्या खोल्यांत त्यांना कुणी म्हणालं असतं, ‘या अप्पा, बसा कुठेही,’ त्या जूनमध्ये कुलूप लावून बंद होतील.

तुला दुखवायला लिहीत नाही. निदान या वेळी नाही.

कुलगुरूंनी तुला अठरा जानेवारीला करारावर सही करायला बोलावलं आहे, असं पूर्णिमाकडून कळलं. मलाही निमंत्रण आलं आहे, ‘दात्यांच्या भगिनी’ म्हणून. मला इतक्या वर्षांत बरंच काही म्हटलं गेलं आहे, पण हे नवीन. मी येणार आहे. पुढच्या रांगेत बसणार आहे. बोलेन असं नाही.

अक्का


कसबा बावडा
२० जानेवारी २०२५

वीरेश,

परवा तू तिथेच होतास, माझ्या शेजारच्या खुर्चीवर, तरी लिहिते. मला ते सगळं स्वप्नासारखं विरून जायला नको आहे. आधीच धुकं इतकं होतं की रिक्षावाल्याने मला आधी चुकून वसतिगृहापाशी उतरवलं.

तू आलास, माझ्याकडे बघितलंस, आणि म्हणालास, ‘बारीक झालीस.’ मी म्हणाले, ‘तू नाही झालास.’ नऊ वर्षांतलं एवढंच संभाषण. मग चहा आला, काजूकतली आली. कुलगुरूंनी तुझ्या खांद्यावर शाल घातली. शाल कसली ती, प्लास्टिकसारखी गुळगुळीत. लगेच घसरली आणि अर्धी तुझ्या मांडीवर, अर्धी माझ्या हातावर पडली. कुलगुरू बोलायला लागले. कमानीला रात्री रोषणाई कशी असेल, महामार्गावरून ती कशी दिसेल.

आणि शालीखाली तू माझा हात धरलास.

मला आधी वाटलं तुला बरं वाटत नाही. मग तुझं एक बोट माझ्या मुठीत आलं आणि मी पंधरा वर्षांची झाले. आपल्या अडतीवर अप्पा असाच सौदा करायचे. व्यापाऱ्याच्या हातात हात, वर उपरणं टाकलेलं, आणि भाव बोटांनी ठरायचा, म्हणजे बाजूला उभ्या असलेल्याला कळायचं नाही. आपण जेवताना पापडासाठी तेच खेळायचो आणि अव्वा पापड काढून घ्यायची.

एक बोट. म्हणजे एक शिक्षक. तू कुलगुरूंकडे बघून मान डोलावत होतास, चेहरा अगदी पाटासारखा.

मी तुझं बोट मिटवलं आणि दोन दाबली. एक शिक्षक आजारी पडला की विभाग आजारी पडतो, वीरेश. मी शाळा चालवली आहे.

तू हात ओढून घेतलास. मी सोडला नाही. कुलगुरू म्हणाले, ‘हत्तींच्या सोंडेतून कारंजंही करता येईल.’ मग तू माझ्या तळहातावर आडवी रेघ ओढलीस, अप्पा अर्ध्यासाठी ओढायचे तशी. दीड! दीड मास्तर कुठल्या बाजारात मिळतो? मी चिमटा काढला. तू ‘आई गं’ म्हणालास आणि कुलसचिवांनी घाईघाईने पंखा कमी केला. कशासाठी ते त्यांनाच माहीत.

मग तुझी दोन बोटं आली. सरळ, घट्ट. मी मूठ मिटली.

त्यानंतर तू जे बोललास ते मी जसंच्या तसं लिहून ठेवते, कारण तू घरी जाऊन ते विसरशील.

‘साहेब, कमान ऱ्हाऊ दे. मला कन्नडचे दोन मास्तर द्या. पूर्ण पगाराचे, कायमचे. रक्कम अशी ठेवतो की व्याजातनं पगार भागंल.’

कुलगुरू गडबडले. ‘पण वीरेशजी, मग वडिलांचं नाव आपण लावायचं कुठे?’

‘वाचणारा गेला, साहेब. कुणासाठी लावताय?’

‘निदान विभागाच्या दारावर?’

‘दार उघडं असलं म्हंजे झालं. आणि एक अट लिवून घ्या. मास्तर कोण नेमायचा, काय शिकवायचा, कुणाला किती मार्क द्यायचे, ह्यात आमच्या घरातलं कुणी बोलणार न्हाई. मी न्हाई, ही पण न्हाई.’

हे शेवटचं माझ्याकडे बघून म्हणालास. मी तेव्हा आणखी एक काजूकतली उचलली. भूक लागली होती, दुसरं काही नाही.

बाहेर आल्यावर तू फाटकापाशी गाडी थांबवलीस आणि खाली उतरून बराच वेळ डाव्या बाजूच्या मोकळ्या जागेकडे बघत राहिलास. टेम्पो तिथे होता का, हे मी विचारलं नाही. धुक्यात तिथे काहीही असू शकलं असतं. मग तू परत आलास आणि मला विचारलंस, ‘ऊट आयता?’ जेवलीस का, एवढंच. घरात दुसरं कुणी मला असं विचारणारं आता उरलं नाही.

नाही म्हणाले ते बरं केलं. मिसळ चांगली होती. तू दोन पाव जास्त खाल्लेस.

अक्का


कसबा बावडा
१२ ऑक्टोबर २०२५

वीरेश,

तुला फोनवर हे सांगता येणार नाही, कारण तू हसशील, आणि मला तुझं हसणं ऐकायचं नाही.

जूनमध्ये निवड झाली ते तुला माहीतच आहे. बावीस उमेदवार आले. पूर्णिमा मुलाखत देऊन निवडली गेली, आणि दुसरा विजयपूरकडचा एक तरुण, चष्मा, फार मृदू आवाज, झोपेत बोलतो आहे असं वाटतं. आता दोन्ही खोल्यांत दिवसा वर्ग भरतात. संध्याकाळचा आमचा वर्ग वरच्या पातळीवर गेला. पूर्णिमाने कोल्हापुरातच खोली घेतली आहे, आणि पहिल्या पगारात आम्हा सगळ्यांना भडंग दिला. मला वाटलं, चला, आता सुखाने अक्षरं गिरवत बसू.

काल सहामाही परीक्षेचा निकाल लागला. नऊ जणांत एक नापास. ती मी.

ऐकतो आहेस का? मी. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, सिस्टर फिलोमिनाची पदकविजेती विद्यार्थिनी. कृष्णातला पासष्ट. पास व्हायला पस्तीस लागतात, मला बारा. मी पेपर घेऊन पूर्णिमाच्या टेबलापाशी गेले.

‘पूर्णिमा, हे काय आहे?’

‘नापास हाय मॅडम.’

‘ते मला वाचता येतं.’

‘तेवढंच येतंय. बोलणं झकास हाय तुमचं, माझ्या आजीगत. लिहिणं भिकार. जोडाक्षरं सगळी चुकलीत.’

‘गेल्या वर्षी याच अक्षरांना तू चांगले मार्क दिलेस.’

तिने पेनाचं टोपण लावलं. ‘गेल्या वर्षी तुमी रुसून गेला असता तर आठ राहिली असती आणि वर्ग मोडला असता. तवा तुमच्या अक्षराला मला छान म्हणावं लागायचं. घरी जाताना एसटीत वाईट वाटायचं. आता तुमी रुसा की खुशाल.’

वीरेश, माझ्या तोंडात आलं होतं. ‘तुला ठाऊक आहे का मी कुणाची बहीण आहे,’ हे वाक्य अख्खं तयार होऊन दातांपाशी आलं होतं. ते मी गिळलं. पण तिला माझ्या तोंडावर दिसलं असावं, कारण ती म्हणाली, ‘म्हाईत हाय. म्हणून दोनदा तपासला. दुसऱ्या खेपेला एक मार्क कमी झाला.’

मी दार आपटून बाहेर पडले. पावसाळा संपून गेल्यावर संध्याकाळचं आकाश असतं ना इथे, टेकडीवर जरा खाली उतरून आलेलं, तसं होतं. कॅम्पसभर गवताचा वास. आतून त्या विजयपूरच्या मुलाचा आवाज येत होता, तो काहीतरी वाचून दाखवत होता, मला अर्धंच कळत होतं, आणि खिडकीत दहा-बारा डोकी होती, न ओळखीची. मी इतकी संतापलेली होते की रस्ता चुकून ग्रंथालयाला वळसा घालून आले. तोच आवाज परत ऐकू आला. उभी राहिले. मग एका कट्ट्यावर बसले. मला एवढं शांत कधी वाटलं होतं, आठवत नाही. नापास झाल्यावर तर नाहीच.

तुझे पैसे वाया गेले नाहीत, हे तुला सांगायचं होतं. त्या बाईला आता कुणाची भीती वाटत नाही. माझीसुद्धा नाही, आणि माझी भीती गावाला वाटते.

फेरपरीक्षा डिसेंबरात आहे. तू दिवाळीला येतोच आहेस तर दोन दिवस जास्त काढून ये. तुझ्या बायकोला सांग, फराळाचं करू नकोस, मी करते. सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की आपण गॅलरीत बसू आणि तू मला जोडाक्षरं गिरवायला लाव. रागावलास तरी चालेल. पूर्णिमाला मात्र कळता कामा नये. तिला वाटेल मी अभ्यास करते आहे.

अक्का